सरकारी अभियोक्ता, न्यायाधीश की खासगी वकिली: आधी काय, नंतर काय?

एका तरुण वकिलाने विचारलं आहे: वय 28, वकिलीची सनद (परवाना) मिळून साडेतीन वर्षं झाली, लातूर जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात सिनिअरच्या हाताखाली काम. हातात येणारे पैसे पेट्रोल आणि मोबाइलमध्येच संपतात. घरून रोज 'एकदाचा सरकारी हो' हा धोशा. एमपीएससीकडून सहायक सरकारी अभियोक्ता (कोर्टात सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारा वकील) व्हावं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या न्यायिक सेवेच्या पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी, की कळ काढून स्वतःची वकिली जमवावी? शेवटी एक पोटप्रश्न जोडला आहे: एकदा एका खुर्चीत बसलं की बाकीच्या कायमच्या जातात का?

मी तिन्ही कामं केली आहेत. सोलापूर भागात तालुका कोर्टात सुरुवात, मग अभियोक्ता, मग न्यायाधीश, आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुन्हा काळा कोट. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न शेवटचाच आहे. तिघांत सगळ्यात चांगलं काय, याला उत्तर नसतं. कुठून कुठे जाता येतं आणि कुठून परतणं महाग पडतं, याला मात्र उत्तर आहे. माझा कल आधीच सांगते: निदान एक दिवाणी दावा दाखल होण्यापासून हुकूमनाम्यापर्यंत (कोर्टाच्या अंतिम आदेशापर्यंत) स्वतः हाताळल्याशिवाय न्यायाधीशाच्या खुर्चीकडे जाऊ नका. आणि पोटाची सोय तातडीने हवी असेल, तर अभियोक्त्याच्या पदामुळे पुढची दारं सगळ्यात कमी बंद होतात.

आता कायदा. संविधानाच्या अनुच्छेद 233(2) प्रमाणे वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला किमान 7 वर्षं वकिली लागते. पगारी सरकारी अभियोक्ता हा 'वकील' धरायचा का, हा वाद हरियाणातल्या निवडींवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक या 2013 च्या निकालाने तो मिटवला. जो सरकारतर्फे कोर्टात उभा राहून खटले चालवतो तो वकीलच राहतो, पगार मिळतो म्हणून त्याची वर्षं बुडत नाहीत. म्हणजे तुम्ही अभियोक्ता झालात तरी घड्याळ चालू राहतं.

न्यायाधीशांच्या बाबतीत हे घड्याळ बंद पडत असे. फेब्रुवारी 2020 च्या धीरज मोर निकालाने सांगितलं होतं की सेवेत असलेल्या न्यायाधीशाला वकिलांच्या कोट्यातून जिल्हा न्यायाधीशपदासाठी अर्ज करता येणार नाही, त्याने बढतीच्या शिडीनेच वर जावं. आमच्या पिढीतल्या अनेकांनी केवळ या भीतीने कनिष्ठ स्तराची परीक्षा टाळली. ते चित्र 9 ऑक्टोबर 2025 रोजी पालटलं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या 5 न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निकाल बाजूला सारला. आता वकिली आणि न्यायिक सेवा मिळून 7 वर्षं होत असतील आणि वय 35 पूर्ण असेल, तर सेवेतला न्यायाधीशही थेट भरतीला बसू शकतो. तुमच्या पोटप्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं. वर जाण्यापुरती दारं आज पूर्वीपेक्षा उघडी आहेत.

बाहेर पडताना मात्र अटी आहेत. न्यायिक सेवेत जाताना सनद स्थगित करून घ्यावी लागते. परत आलात की बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ज्या भागात तुमचं अधिकारक्षेत्र होतं तिथे 2 वर्षं वकिली करता येत नाही. वरच्या न्यायालयात उभं राहायला तेवढी आडकाठी नाही. वर चढत जाल तशी बंधनं कडक होतात: उच्च न्यायालयाचा कायम न्यायाधीश निवृत्तीनंतर फक्त सर्वोच्च न्यायालयात आणि स्वतः न बसलेल्या उच्च न्यायालयांत वकिली करू शकतो (अनुच्छेद 220), सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश देशात कुठेच नाही (अनुच्छेद 124(7)). शेवटची दोन बंधनं आज तुमच्यासाठी चिंतेचा विषय नाहीत, पण आराखडा माहीत असावा.

यापुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरेल. घरची शेती कोण बघतं, कर्ज किती, लग्न झालंय का, जोडीदाराची नोकरी बदलीची आहे का, आईवडिलांच्या आजारपणात जवळ राहावं लागेल का. न्यायाधीशाला साधारण दर 3 वर्षांनी बदली असते आणि स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही. गडचिरोलीहून सावंतवाडी, तिथून जालना असा संसार करणारे माझे सहकारी होते. मुलांच्या शाळा बदलतात, बोलीही बदलते. हे ज्यांना झेपत नाही त्यांनी परीक्षेत पहिलं येऊनही उपयोग नाही.

अभियोक्त्याचं काम सांगताना आधी एक गोंधळ दूर करते, कारण तुमच्या प्रश्नातही तो डोकावतो. एमपीएससीतून येतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. गट-अ चं पद, संवर्गातली नोकरी, आणि काम मुख्यतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. सत्र न्यायालयात खून-दरोड्याचे खटले चालवणारे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहायक बहुतेक करून 1984 च्या विधी अधिकारी नियमांखाली मुदतीवर नेमलेले असतात. त्यांना परीक्षा नसते, नावांची यादी जाते. किमान 7 वर्षं वकिली हवी, आणि सरकार बदललं की यादीही बदलते हे बार रूममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. वर्तमानपत्रात दिसतात ते विशेष सरकारी वकील, त्यांना 10 वर्षं लागतात. जळगावहून आलेल्या उज्ज्वल निकमांना पाहून तुम्ही सहायक अभियोक्त्याचा अर्ज भरत असाल, तर तो वेगळा रस्ता आहे एवढं लक्षात घ्या.

सहायक अभियोक्त्याच्या टेबलावर रोज येतं ते असं: मारामारी, चोरी, सासरच्या छळाचं कलम 498-अ (नव्या भारतीय न्याय संहितेत 85), दारूबंदी, अपघात, रिमांडचे अर्ज. केसेस निवडायचा हक्क नाही. सकाळी पैरवी हवालदार (पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघणारा) गठ्ठा आणतो, त्यात आज साक्षीला आलेले पंच कोण हे अकरा वाजता कळतं. तो पंच पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, 'सही माझी आहे, पण पोलीस ठाण्यात केली, जागेवर गेलो नव्हतो.' मग तुम्ही त्याला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागायची आणि स्वतःच्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यायचा. असे दिवस ढिगाने येतात. पण याच्याइतकी पुराव्याची शाळा दुसरी नाही. पंचनाम्यात वेळ कुठली लिहिली, मुद्देमालावर लाखेचं सील होतं का, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडलं का, या गोष्टी पुस्तकात वाचून कळत नाहीत, खटला पडताना बघून कळतात.

माझं एक ठाम मत आहे, अनेक सहकाऱ्यांना ते पटत नाही. चांगला अभियोक्ता शिक्षेच्या टक्केवारीवर मोजू नये. 1994 च्या हितेंद्र विष्णू ठाकूर निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही. 1999 च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद निकालात आणखी स्पष्ट केलं की कसंही करून शिक्षा लावण्याची तहान त्याला नसावी. आरोपीच्या फायद्याची बाब कागदात असेल तर ती कोर्टासमोर येऊ देणं हे त्याचंच काम. महाराष्ट्रात याला प्रशासकीय इतिहासही आहे: पूर्वी सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली होते. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1995 च्या निकालाने त्यांना तिथून सोडवून स्वतंत्र अभियोग विभाग करायला लावलं. कागदावर सुटका झाली. तरी दुपारी ठाणेदाराचा फोन येतो, 'मॅडम, जामिनाला जोरात विरोध करा.' पोलीस कोठडीची गरज केस डायरीत दिसत नसेल तर तसं सांगण्याची हिंमत तुमच्यात आहे का, हे या पदावर पहिल्या वर्षातच कळतं. खटला मागे घेण्याचा अर्जही (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 360) सरकारच्या सांगण्यावरून डोळे मिटून करायचा नसतो. सही तुमची, विचारही तुमचाच हवा.

न्यायाधीशाच्या खुर्चीबद्दल जास्त लिहिते, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत.

लोकांना दिसतो तो मान: पट्टेवाला, गाडी, डायस. पगारही आता चांगला आहे. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये झालं. तालुक्याच्या ज्युनिअरला हा आकडा स्वप्नासारखा वाटतो, आणि त्यात काही गैर नाही. पैशासाठी परीक्षा देतोय हे सांगायला लाजू नका. पण त्या खुर्चीत बसल्यावर पहिला धक्का बसतो तो कामाच्या स्वरूपाचा. दिवसभर ऐकायचं, साक्षी नोंदवून घ्यायच्या, अर्जांवर आदेश करायचे, आणि निकाल घरी रात्री लिहायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे युक्तिवाद संपल्यावर साधारण 30 दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याच काळात धनादेश न वटल्याच्या कलम 138 च्या तक्रारी बोर्डावर वाढतच असतात. निकाली कामाचे युनिट मोजले जातात, तिमाहीला हिशेब वर जातो. साधी समजुतीची तडजोड आणि तीस साक्षीदारांची वाटणी यांत तुमची मेहनत किती वेगळी होती, हे त्या आकड्यात पुरतं उतरत नाही.

दुसरा धक्का एकटेपणाचा. काल ज्यांच्याबरोबर चहा घेत होता तेच वकील आता समोर उभे असतात. लग्न, बारसं, गणपती, कुठे जायचं आणि कुठे नाही हे विचार करून ठरवावं लागतं. किराणा दुकानदाराचाही दावा तुमच्या कोर्टात असू शकतो. गप्पिष्ट माणसाला हे फार जड जातं, आणि वकिलीत यशस्वी होणारे बहुतेक गप्पिष्ट असतात. तुमचा स्वभाव कसा आहे हे परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसतं, पण निवडीचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

तरीही त्या खुर्चीने जे शिकवलं ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नसतं. डायसवर बसल्यावर उमगलं की न्यायाधीशाच्या हाती शेवटी फक्त नोंद उरते. वकिलाने कितीही तळमळीने युक्तिवाद केला, तरी निकाल लिहिताना समोर जबाब, निशाणी दिलेले (पुराव्यात क्रमांक देऊन घेतलेले) कागद आणि रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद, एवढंच असतं. बांधाच्या दाव्यात साक्षीदार म्हणतो, 'वरल्या अंगाचा बांध त्यानं दोन हात कोरला.' हे जसंच्या तसं नोंदलं गेलं तर अपिलात उपयोगी पडतं. त्याऐवजी 'अतिक्रमण केले' एवढंच लिहिलं गेलं तर दिशा गेली, माप गेलं, आणि मोजणी नकाशाशी ताडायला काहीच उरलं नाही. आणि साक्षीदाराचं शब्दशः म्हणणं नोंदवून घ्या, असं उठून म्हणणारा वकील मला क्वचितच भेटला. उलटतपासात मुख्य मुद्दा सोडून साक्षीदाराला खोटारडा ठरवण्यात अर्धा तास घालवणारे रोज भेटले.

इथेच दिवाणी दाव्याचा माझा आग्रह कुठून आला ते सांगते. फौजदारी बाजू अभियोक्ता म्हणून पक्की होते. दिवाणी तशी होत नाही. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत वंशावळ सिद्ध करणं, सातबाऱ्यावरचे फेरफार वाचणं, मनाईच्या (समोरच्याला एखादी कृती करण्यापासून रोखण्याच्या) अर्जावर त्याच दिवशी एकतर्फी आदेश द्यायचा की नोटीस काढायची हे ठरवणं, हे ज्याने वकील म्हणून केलेलं नाही त्याला डायसवर बसून शिरस्तेदाराच्या (कोर्टाच्या कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या) तोंडाकडे बघावं लागतं. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरासाठी 3 वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. 2002 पासून ताज्या पदवीधरांना मुभा होती, ती गेली. या निर्णयावर मुलं नाराज आहेत, पण खुर्चीत बसलेली बाई म्हणून मला तो योग्य वाटतो. त्या निकालात वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजायला सांगितली आहेत, त्यामुळे तुम्ही बसता. मात्र वकिलीचा दाखला मागितला जातो, म्हणून वकीलपत्रं आणि तुमची हजेरी दिसणाऱ्या रोजनाम्यांच्या प्रती आतापासून जपा. अटींचा अंतिम शब्द जाहिरातीचा.

'अभियोक्ता राहिलो तर न्यायाधीश झाल्यावर मन सरकारकडे झुकणार नाही का?' असंही तुम्ही विचारलं आहे. याला मराठी माणसाच्या ओळखीचा एक दाखला आहे. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे टिळकांचा जामिनाचा अर्ज चालवून तो मिळवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. 1908 मध्ये तेच दावर न्यायमूर्ती होते. टिळकांतर्फे जीनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला आणि 6 वर्षं काळ्या पाण्याची शिक्षाही त्यांनीच सुनावली. त्या निकालाबद्दल आपलं मत काहीही असो, एवढं दिसतं की माणूस जुन्या अशिलाची बाजू खुर्चीत नेईलच असं नाही. माझ्या अनुभवात अभियोक्ता राहिलेले न्यायाधीश पोलिसांच्या कागदांकडे उलट जास्त संशयाने बघतात, कारण ते कागद कसे तयार होतात हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं.

परत खासगी वकिलीत येणं कसं असतं? थोडक्यात, पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअरसारखी. जिथे ओळख आहे तिथे बंधनामुळे उभं राहता येत नाही, जिथे उभं राहता येतं तिथे ओळख नाही. येणाऱ्या अशिलांतला मोठा वर्ग चुकीच्या अपेक्षेने येतो: 'मॅडम जज होत्या, एक फोन करतील.' अशांना दारातूनच परत पाठवावं लागतं, आणि त्यात महिन्याचं भाडं जातं. हाताखाली शिकलेला अधिकारी समोर डायसवर असतो, त्याला 'युवर ऑनर' म्हणताना जीभ अडखळली तर वकिली जमणार नाही. फायदा एकच, पण मोठा: दावा लिहिताना न्यायाधीश कुठला मुद्दा काढेल हे आधीच दिसतं, म्हणून दावा आटोपशीर होतो आणि जिंकण्यासारखं नसेल तर अशिलाला पहिल्या भेटीतच सांगता येतं. फीचं गणित जमवायला मला त्रास झाला. पगारी माणसाला पैसे मागायची सवय राहत नाही.

एक चौथा रस्ता उरतो, तो परीक्षेचा नाही. खासगी वकिली करत उच्च न्यायालयात सरकारी वकील म्हणून नाव होणं आणि तिथून न्यायमूर्तिपद. अमरावतीचे भूषण गवई 1992-93 मध्ये नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील होते, 2000 मध्ये तिथेच सरकारी वकील झाले, 2003 मध्ये उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश, 2025 मध्ये सरन्यायाधीश. त्याआधी यशवंतराव चंद्रचूडही सरकारी वकील असतानाच 1961 मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर गेले होते. या वाटेवर अर्ज नसतो, जाहिरात नसते, वर्षानुवर्षं खंडपीठासमोर उभं राहावं लागतं. लातूरहून निघायचं तर मुक्काम छत्रपती संभाजीनगरला हलवावा लागेल आणि तिथली पहिली काही वर्षं आजच्यापेक्षाही कोरडी जातील. घरात दुसरी कमाई असेल तरच याचा विचार करा.

आता तुमच्यापुरतं. आजच्या माहितीवर मी असं करेन: दोन्ही जाहिरातींवर लक्ष ठेवून पात्र असेन त्या दोन्हींचे अर्ज भरेन. सहायक अभियोक्त्याच्या जाहिरातीत वकिलीची किती वर्षं मागितली आहेत ते आधी बघा, नाहीतर तयारी वाया जाईल. फौजदारी भागाचा अभ्यास बराचसा सामाईक आहे, आणि 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तरी जुने खटले जुन्या कलमांवर चालतात, म्हणून दोन्ही आकडे पाठ हवेत. न्यायाधीशाच्या परीक्षेत पूर्व 100, मुख्य 200 आणि मुलाखत 50 गुणांची असते. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. मुले पूर्वपरीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत वर्ष घालवतात आणि मुख्य परीक्षेत निकालपत्र लिहायला बसल्यावर हात चालत नाही. रोज एक पान हाताने लिहा, मुद्दे काढून, निष्कर्ष कारणांसह. आणि सिनिअरकडे जाऊन स्पष्ट मागा: वाटणीचा किंवा मनाईचा एक दावा पूर्ण मी चालवतो, तुम्ही मागे बसा. चांगले सिनिअर याला नाही म्हणत नाहीत, तुम्ही उलटतपासाचे प्रश्न आदल्या रात्री लिहून दाखवणार असाल तर नक्कीच नाही.

वडिलांना सांगायला एक मुदत ठरवा. दोन्ही परीक्षांचे दोन फेरे झाले आणि काहीच हाती लागलं नाही, तर त्या दिवसापासून अभ्यासिका बंद आणि तालुक्यातच स्वतःचं टेबल. तोवर महिन्याच्या खर्चापुरते पैसे हवेत, म्हणून मोटार अपघात दाव्यांची आणि 138 ची कामं घ्यायला कमीपणा मानू नका. त्या कामांतला उलटतपास कुठल्याही परीक्षेत उपयोगी पडतो.